टाळ खंय गेले? गप्प झालेल्या दोन ट्वीटरचं प्रकरण

वेंगुर्ल्याच्या मामाचा फोन गणपती गेल्यावर चार दिवसांनी आला. "आवाज येता रे, पण टाळ खंय गेले?"

मामाची स्टिरिओ म्हणजे घरातली मोठी वस्तू. 1993 साली मस्कतला असताना त्याने ती घेतली आणि तीन वर्षांनी नोकरी सोडून आला तेव्हा कपड्यांआधी हे खोके बांधले. चॅनलला 50 वॅट देणारा अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. प्रत्येकात खालचे सूर वाजवणारा साडेसहा इंचाचा वूफर, त्याच्या वर उंच, बारीक सूर वाजवणारा 25 मिलिमीटरचा कापडी घुमटाचा ट्वीटर. रोज पहाटे त्यावर अभंग लागतात, संध्याकाळी नाट्यसंगीत.

टाळ गेल्याचं त्याला श्रावणातच जाणवलं होतं. पण वय 71. "माका वाटला माझेच कान गेले." कुणाला न सांगता तो कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यांनी चाचणी घेतली, आलेख हातात दिला आणि वयाप्रमाणे वरच्या पट्टीचं ऐकू येणं थोडं उतरलं आहे म्हणून सांगितलं. वयाने कान उतरतात ते वरच्या कंपनसंख्येकडूनच, म्हणजे ट्वीटर बंद पडल्यावर जे हरवतं तेच म्हातारपणी कानातूनही हरवतं. मामाने आलेखाची घडी घालून कपाटात ठेवली आणि विषय मिटवला.

मग गणपती आले. आरतीला पोरांनी टाळ कुटले ते मामाला लख्ख ऐकू आले. आरती संपली, कुणीतरी स्टिरिओवर भजन लावलं, आणि त्यातले टाळ नाहीत! कान तेच, खोली तीच. मग फोन.

फोनवरचं निदान

पुण्यात बसून मी चार प्रश्न विचारले. आवाज कसा येतो? गोधडीत गुंडाळल्यासारखा. दोन्ही बाजूंना तसाच? दोन्ही बाजूंना. पेटी, गळा, पखवाज? सगळं आहे. यात नवल नाही. पेटीचे आणि गळ्याचे मूळ सूर साधारण हजार हर्ट्झच्या आत-बाहेर संपतात, ते वूफर वाजवतो. म्हणून गाणं पुरं वाटतं, फक्त त्यातले 'स', 'श', तबल्याची चाट आणि टाळ यांच्यावर कुणीतरी ओलं फडकं टाकल्यासारखं होतं.

चौथा प्रश्न मी जरा विजयाच्या सुरात विचारला. मध्यंतरी घरात पार्टी झाली होती का? झाली होती. मे महिन्यात नातवाचा वाढदिवस, गावची पोरं, आवाजाचं बटण शेवटापर्यंत.

माझ्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं. लहान अँप्लिफायर ताकदीबाहेर वाजवला की लाटेचे शेंडे छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या लाटेची सरासरी ताकद वाढते, आणि सपाट झालेल्या शेंड्यांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होऊन थेट ट्वीटरकडे जातात. स्पीकरच्या पाठीवर 100 वॅट लिहिलेलं असतं ते अख्ख्या स्पीकरचं, आणि तेही संगीत वाजवताना. संगीतात वरच्या पट्टीचा वाटा मुळात थोडा असतो. एकटा ट्वीटर सलग सोसतो ती ताकद थोड्याच वॅटची. त्याच्या कॉइलची तार केसाइतकी बारीक, ती तापते आणि तुटते. म्हणून मोठ्या अँप्लिफायरपेक्षा लहान अँप्लिफायर पिळून वाजवणाऱ्यांच्या घरी ट्वीटर जास्त मरतात.

यातलं एक वाक्यही चूक नाही. दोन्ही ट्वीटर एकदम गेले असतील तर कारण सामाईक असणार, आणि सामाईक कारण समोर दिसत होतं. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मापाला बसणारे दोन ट्वीटर मागवले, 2,800 रुपये मोजले आणि दिवाळीच्या सुट्टीत ते बॅगेत घालून वेंगुर्ल्याला गेलो. मीटर एकदाही लावला नव्हता.

वेंगुर्ल्यात

पोहोचल्यावर चहा, मग अँप्लिफायरसमोर मांडी. हाताला सवय असते तसं केलं: बास-ट्रेबलची बटणं मध्यावर आणली, लाउडनेस बंद, बॅलन्सचं बटण अकरा वाजताच्या जागी होतं ते बारावर आणलं. हे बॅलन्सचं बटण लक्षात असू द्या. मी ते विसरलो.

अँप्लिफायर निर्दोष आहे हे आधी ठरवायला हवं, कारण दोष तिथे असेल तर स्पीकर उघडून काही हाती लागत नाही. हेडफोन लावले, टाळ स्वच्छ. मग पुण्याहून नेलेला माझा छोटा स्पीकर आधी डाव्या, मग उजव्या तारांना जोडून पाहिला. दोन्हीकडे टाळ. तारा बदलताना दर वेळी अँप्लिफायर बंद केला. तारेचा एक सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला लागला तर दुरुस्तीला आणखी एक वस्तू तयार होते.

पुढची चाचणी वर्तमानपत्राच्या सुरळीची. फोनवरून खळखळाट लावला, म्हणजे पावसासारखा सर्व पट्ट्यांचा एकत्र आवाज, आणि अगदी बारीक ठेवला. सुरळीचं एक तोंड ट्वीटरला, दुसरं कानाला. खोलीभर आवाज असला तरी सुरळीतून फक्त त्या घुमटासमोरचं ऐकू येतं. डावा मुका. उजवा मुका. नुसता 8,000 हर्ट्झचा सूर लावून पाहिला, दोन्हीकडे जवळजवळ शांतता. (हा प्रयोग कुणी करणार असेल तर आवाज कुजबुजीइतकाच ठेवा. सलग एका सुराने धडधाकट ट्वीटरही जाळता येतो, आणि वरचा सूर कानाला मोठा वाटत नाही म्हणून बटण फिरवत राहण्याचा मोह होतो.)

आवाज बारीक झाला असता पण पुरता गेला नसता, तर मी वेगळ्या दिशेने गेलो असतो. अनेक ट्वीटरच्या चुंबकाच्या फटीत फेरोफ्लुइड नावाचं लोखंडी कणांचं तेल असतं. नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी 1963 मध्ये ते बनवलं, रॉकेटच्या इंधनासाठी, आणि पुढे ते बैठकीच्या खोलीतल्या स्पीकरमध्ये कॉइल थंड ठेवायला येऊन बसलं. पंचवीस-तीस वर्षांनी ते गोंदासारखं घट्ट होऊ शकतं आणि घुमट जागच्या जागी अडकल्यासारखा होतो. पण असा ट्वीटर सहसा पुटपुटतो. हे दोन पुटपुटतही नव्हते.

आता स्पीकर भिंतीपासून ओढून पाठ पाहिली. इथे माझं फोनवरचं निदान अर्धं कोसळलं.

उजवा

या स्पीकरना पाठीमागे दोन नव्हे, चार टर्मिनल आहेत. वरची जोडी ट्वीटरची, खालची वूफरची. हौशी माणसाला दोन वेगळ्या तारा जोडता याव्यात म्हणून ही सोय. एकच तार वापरणाऱ्यासाठी वरच्या-खालच्या टर्मिनलांना जोडणाऱ्या सोनेरी मुलाम्याच्या दोन पट्ट्या असतात, एक लाल बाजूला, एक काळ्या. तार खालच्या जोडीला असेल आणि पट्टी काढली, तर ट्वीटरपर्यंत काही पोहोचतच नाही.

उजव्या स्पीकरला काळ्या बाजूची पट्टी होती. लाल बाजूची नव्हती.

मामीला विचारलं. श्रावणाच्या सुरुवातीला खोलीला रंग काढला होता, रंगाऱ्याने स्पीकर हलवायला तारा सोडवल्या, मग शेजारच्या मुलाने जोडून दिल्या. मामी उठली, देव्हाऱ्याच्या खणात हात घालून वातीची डबी, कापूर, जुनी नाणी बाजूला सारली आणि बोटभर लांबीची चकचकीत पट्टी काढून माझ्यासमोर धरली. "ह्योच काय तो?" झाडताना सापडला, सोन्यासारखा दिसला, म्हणून टाकवला नाही.

पट्टी पुसून बसवली, मळसूत्रं घट्ट केली, सुरळी कानाला लावली. खळखळाट. मामाने आतल्या खोलीतून हाक मारली, "इले!"

टाळ आले, पण एकाच बाजूने.

डावा

एक कारण सापडलं की डोकं आळशी होतं. डाव्यालाही पट्टीचाच प्रश्न असणार असं मी धरून चाललो. तिथे पट्ट्या दोन्ही होत्या, पण खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या. काढल्या, पॉलिश पेपरने घासल्या, टर्मिनलही घासले. काही नाही. पट्ट्याच काढून जाड तारेचे तुकडे लावले. काही नाही. यात संध्याकाळ गेली, आणि रात्री जेवताना मी पुन्हा वाढदिवसाच्या पार्टीकडे वळलो: डावा तरी जळालेलाच असणार. बॅगेतल्या 2,800 रुपयांना न्याय मिळावा अशीही आतून इच्छा होतीच.

सकाळी स्पीकर चटईवर आडवा घेतला. ट्वीटरचे स्क्रू काढताना एक जपावं लागतं: घुमटामागे जोरदार चुंबक असतो आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर हातातून ओढला जाऊन थेट घुमटात घुसतो. मी डावा तळवा घुमटावर आडवा धरून, बोटांच्या फटीतून स्क्रू फिरवतो. एकदा पुण्यात एका शेजाऱ्याचा ट्वीटर असा भोसकला आहे, तेव्हापासून.

ट्वीटर बाहेर आला. मीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन पिनांना लावला: 0.4. क्षणभर वाटलं, कॉइल आतल्या आत शॉर्ट झाली. मग लक्षात आलं की तारा सोडवल्याच नाहीत. क्रॉसओव्हर म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं आतलं सर्किट. त्यात ट्वीटरला समांतर तारेचं एक वेटोळं असतं, मीटर त्याचा रोध दाखवत होता. एक तार उपसून पुन्हा मोजलं: 5.9 ओहम. आठ ओहमचा ट्वीटर मीटरवर साडेपाच-सहाच्या आसपास दिसतो, कारण आठ हा आकडा बदलत्या विजेसाठीचा आणि मीटर मोजतो सरळ वीज. कॉइल तुटलेली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. खात्रीसाठी घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर पिनांना टेकवला. "टक्". बारीक, कोरडा, जिवंत.

म्हणजे वाढदिवसाची पोरं निर्दोष. दोन्ही ट्वीटर धडधाकट, आणि नवे दोन बॅगेत.

हे मोजमाप स्पीकर न उघडता बाहेरून होत नाही, हे इथे सांगून टाकतो, कारण बरेच जण तिथे फसतात. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो सरळ वीज अडवतो. वरच्या टर्मिनलांना मीटर लावला तर चांगला स्पीकरही तुटलेला दिसतो. एकाच जोडीचा स्पीकर असेल तर उलटं होतं, वूफरचा आकडा दिसतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

उरला क्रॉसओव्हर. तो टर्मिनलच्या कपामागे आत बसवलेला, म्हणून वूफर काढला. आत पांढऱ्या कापसासारख्या भरणाच्या वर पालीची दोन सुकलेली अंडी. पुढच्या पोर्टमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकातून, बाई आत जाऊन बाळंत झाल्या होत्या. मामी म्हणाली, राहू देत. मी म्हटलं, मामी, ती रिकामी आहेत.

क्रॉसओव्हरचा पट्टा, म्हणजे भाग सोल्डर केलेली पाटी, हातात घेऊन पाहिला. ट्वीटरच्या वाटेवर 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आठ ओहमच्या ट्वीटरसमोर एवढाच एक असता तर साधारण 4,200 हर्ट्झपासून वरचं जाऊ दिलं असतं, समांतर वेटोळ्याने ते गणित थोडं बदलतं. जुने कपॅसिटर सुकतात, म्हणून संशय त्याच्यावर. त्याचा एक पाय सोडवायला सोल्डरिंग गन तापत ठेवली आणि तोवर तारा तात्पुरत्या जोडून बारीक आवाजात भजन लावलं. पेन्सिलच्या मागच्या टोकाने कपॅसिटरला हलकेच टोचलं.

छन्न.

टाळ आले आणि गेले. पुन्हा टोचलं, पुन्हा आले. पेन्सिल दाबून धरली तर वाजत राहिले, उचलली की बंद. मामा दारात उभा होता, हातात चहाची बशी, आणि माझ्या पेन्सिलकडे बघत होता.

पट्टा उलटा करून भिंगाखाली धरला. कपॅसिटरच्या पायाभोवती सोल्डरच्या टेकडीत केसासारखी गोल चीर. दुरुस्तीवाले याला "ड्राय झालंय" म्हणतात. जड कपॅसिटर पाठीमागे वूफरच्या हादऱ्यांत तीस वर्षं हलत राहिला आणि पाय सोल्डरमधून सुटला. आधी अधूनमधून टेकत असणार, मग टेकेनासा झाला. जुनं सोल्डर शोषून काढलं, पाय खरवडला, नव्याने सोल्डर केलं. कपॅसिटरच्या पोटाखाली सिलिकॉनचा एक थेंब सोडला, पुन्हा हलायला नको म्हणून. पाच मिनिटांचं काम.

कपॅसिटर बदलायचे की नाही यावर मी थोडा अडलो. पाय सुटा होता तेव्हाच मोजून घेतला होता, 5.1 भरला. उजवा उघडून मोजला, 4.9. छापील आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत. बऱ्याच जणांनी उघडलंच आहे तर प्लास्टिक फिल्मचे नवे कपॅसिटर घाला म्हटलं असतं, आणि ते स्वस्तही आहेत. पण त्यांचा आतला रोध कमी असतो, ट्वीटर थोडा उजळ वाजू शकतो, आणि मामाला हाच आवाज हवा होता. ठेवले. बदलायची वेळ आलीच तर दोन्हीकडचे एकदम, त्याच मायक्रोफॅरडचे, आणि नॉनपोलर. अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले अधिक-उणे खुणेचे इथे चालत नाहीत.

उजव्याच्या त्याच जागेवरही सोल्डर वितळवून पुन्हा घट्ट केलं. तिथे चीर दिसत नव्हती, पण वय तेवढंच.

बटण

दुपारी आडवा झालो तेव्हा बॅलन्सचं बटण आठवलं. ते अकरावर का होतं? मामाला विचारलं. तो म्हणाला, दीड-दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गाणारा उजवीकडे सरकल्यासारखा वाटायला लागला, म्हणून बटण जरा डावीकडे घेतलं. कधी पुन्हा जागेवर यायचा, कधी सरकायचा. आपली खुर्चीच वाकडी असेल म्हणून त्याने खुर्चीही हलवून पाहिली होती.

हे एवढं पहिल्या फोनवर विचारलं असतं तर. डावा ट्वीटर त्या पावसाळ्यातच सुटायला लागला होता. गाणारा कुठे उभा आहे हे ठरवताना कान वरच्या पट्टीचाही आधार घेतो, ती एकाच बाजूने आली की चित्र तिकडे झुकतं. पण खोलीत टाळ ऐकू येत राहतात, कारण दुसरा ट्वीटर दोघांचं काम ओढतो. डावा गेल्याचं कुणालाच कळलं नाही. रंगाऱ्याने उजव्याची पट्टी पाडली तेव्हा शेवटचा टाळ गेला, आणि मग घरात सगळ्यांना दोन्ही ट्वीटर एकदम गेल्यासारखे वाटले. दोन बिघाडांत दोन वर्षांचं अंतर, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. वाढदिवस मध्ये कुठेतरी होऊन गेला.

आणि हा सगळा पुरावा बटणाच्या रूपाने समोर होता. मी तो पहिल्याच मिनिटाला बारावर आणून पुसला. आता कुठेही गेलो की अँप्लिफायरचा आहे तसा एक फोटो आधी काढतो, मग हात लावतो.

दुकानदाराने ट्वीटर परत घेतले नाहीत, खोकं फुटलं नसलं तरी. कपाटात आहेत.

निघायच्या दिवशी पहाटे मामाने स्टिरिओ लावली. सवयीने बॅलन्सचं बटण अकरावर नेलं, खुर्चीत बसला, भुवया उंचावल्या. गाणारा डावीकडे, थेट खिडकीपाशी जाऊन उभा. मामा पुन्हा उठला, बटण हळूहळू बारावर आणलं आणि खुर्चीसकट स्वतःला वीतभर डावीकडे ओढून घेतलं, जिथे ती दोन वर्षांपूर्वी होती. फरशीवर चार पायांच्या जुन्या खुणा अजून होत्या.